दोन पिवळी पिल्लं

कागद टेबलावर होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं होतं आणि मालक खिडकीबाहेर बघत होते. सही तेवढी बाकी होती.

मावशींनी चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतला. कुत्र्यांच्या क्लबाला लिहिलेलं पत्र होतं. 'माझ्या हलगर्जीपणामुळे फाटक उघडे राहिले व माजावर आलेल्या काळ्या लॅब्रॅडोर कुत्रीशी भटक्या कुत्र्याचा संबंध आला. सबब सात पिल्लांपैकी दोन पिवळी निपजली.' खाली मावशींचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं.

"मी कधी फाटक उघडं टाकलं?"

"मावशी, आता कीस काढत बसू नका. आई काळी, बाप काळा. मग पिवळी काय आभाळातून पडली? क्लबाचा माणूस येऊन बघून गेला. त्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं ना मला? सही करा, विषय संपला. तुमचं काम, तुमची खोली, कशालाच धक्का नाही."

बारा वर्षं मावशी इथली कुत्री सांभाळत होत्या. ही काळी कुत्री माजावर असताना तीन आठवडे त्यांनी पिंजऱ्यासमोर खाट टाकली होती. अंघोळीला गेल्या तरी कुलूप दोनदा ओढून बघायच्या. आणि हा माणूस त्यांच्याच नावानं हलगर्जीपणा लिहून मोकळा झाला होता.

कालच जनावरांच्या डॉक्टरबाई पिल्लं तपासायला आल्या होत्या. मावशींनी त्यांना सरळच विचारलं होतं, "बाई, ही दोन दुसऱ्या कुणाची असतील का हो?"

"रंगावरून तसं म्हणता येत नाही." डॉक्टरबाईंनी एक पिवळं पिल्लू उचलून तळहातावर घेतलं. "असं समजा, प्रत्येक पिल्लाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकीवर जरी काळा लिहिलेला असला तरी कुत्रं काळंच दिसतं. पिवळी चिठ्ठी आत गुपचूप बसून राहते. दोन्ही पिवळ्या आल्या, की पिल्लू पिवळं."

"म्हणजे ह्यांच्या आईकडे एक पिवळी होती."

"आणि बापाकडेही असणार."

"साहेबांच्या त्या पदकवाल्या कुत्र्याकडे?"

"पदकं बाहेरचं बघून देतात, मावशी. काळ्या-काळ्यांच्या जोडीत दोघांकडे पिवळी चिठ्ठी असेल, तर सरासरी चारांत एखादं पिवळं होतंच. त्यात खोट काही नाही. खात्री हवी तर सगळ्यांच्या गालातून कापसाच्या काडीनं नमुने घेते, म्हटलं. साहेबच नको म्हणाले."

तेव्हाच मावशींना मागची वीण आठवली होती. कुत्री दुसरी, बाप हाच. त्या विणीतही एक पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांनी ते टॉवेलात गुंडाळून नेलं. 'अशक्त आहे, वाचायचं नाही,' म्हणाले. आणि मावशींनी ते खरं मानलं होतं. आपल्या त्या भोळेपणाचा त्यांना आता मालकांच्या पत्राइतकाच राग आला.

"नमुने का घेऊ दिले नाहीत?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांनी खिडकीवरून नजर काढली. "त्या कुत्र्यासाठी लोक लांबून लांबून कुत्र्या घेऊन येतात. उद्या त्याच्यात पिवळा आहे असं कळलं तर कोण फिरकेल?"

"पिवळा म्हणजे रोग नव्हे."

"तुम्हाला नव्हे. माझं नाव जातं त्यात."

"आणि ह्या कागदानं माझं जात नाही?"

"तुमचं?" मालकांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्हाला कोण ओळखतंय तिथं?"

मावशींनी कागद टेबलावर परत ठेवला. त्यांचे कान तापले होते.

"मागच्या वेळी पिवळं झालं, ते कुणाच्या हलगर्जीपणानं?"

"कुठलं? ते अशक्त होतं."

"सगळ्यांत गुटगुटीत होतं. मीच वजन करून फळ्यावर लिहिलं होतं. तुम्ही तेवढंच पुसलंत."

"मावशी, सही करताय की नाही?"

"करते ना."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. टाइप केलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ मारली आणि खाली सातवीपर्यंत घोटलेल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'फाटक बंद होते. याच कुत्र्यापासून मागच्या विणीतही पिवळे पिल्लू झाले होते. तपासणीला मालकांनी नकार दिला. पिल्लांचे व आईबापांचे नमुने घ्यावेत.' मग सही केली.

मालकांनी उलटं वाचलं. "हे मी क्लबात पाठवीन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत." मावशींनी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. "म्हणून मीच नेऊन देणार आहे. खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करते. आधी पिल्लांचं दुपारचं खाणं व्हायचंय."