माझ्यावरचा घोडा खोटा आहे

मी डबा बोलतोय. काळ्या प्लास्टिकचा, लाल झाकणाचा, पोटावर उधळलेला सोनेरी घोडा छापलेला. दुकानात माणसं आधी इकडेतिकडे बघतात आणि मग माझ्याकडे नुसतं बोट करतात. तोंडाने नाव कुणी घेत नाही. नका घेऊ. मी मात्र आता गप्प बसणार नाही. पुरुषाच्या ज्या दुखण्यावर मला औषध म्हणून खपवतात, त्या दुखण्याबद्दल मी मोठ्याने बोलणार आहे. ज्यांना लाज वाटते त्यांनी खुशाल उठून जावं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. अश्वगंधा, मुसळी, गोखरू आणि नाव नसलेल्या एका पोत्यातलं आणखी काहीतरी, असं सगळं दळून माझ्यात भरलं. ते आणखी काहीतरी काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. भरणाऱ्या बाईलाही नव्हतं; ती नाकाला पदर लावून भरत होती. मग घोडा चिकटवला. त्याच्याखाली सोनेरी अक्षरं, ‘गेलेली ताकद चाळीस दिवसांत परत’. ताकद कशाने गेली हे त्या शेडमध्ये कुणी विचारलं नाही. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण माझ्या तोंडावर सील होतं.

कोल्हापुरातल्या एका दुकानातून मला जिनेंद्रने उचललं. लक्ष्मीपुरीत त्याचा धान्याचा व्यापार आहे. त्याने मला पिशवीत घालून जवळच्या गडमुडशिंगी गावात आणलं आणि आपल्या धाकट्या चुलतभावाच्या, अनेकांतच्या हातात ठेवलं.

“घे गप. मला तर पंध्रा दिसांत फरक पडला,” जिनेंद्र म्हणाला. “आन् कुणाला बोलू नगंस.”

कुणाला बोलू नकोस! माझ्यासोबत ही एक पुडी फुकट मिळते.

अनेकांत एकोणतीस वर्षांचा. अडीच एकर ऊस, चार म्हशी. खताचं पोतं पाठीवर घेऊन बांधावरून धावत जाईल असा गडी. लग्नाला सहा महिने झाले होते, आणि सहा महिन्यांत बायकोजवळ जायची वेळ आली की त्याचं अंग त्याला दगा द्यायचं. तो कूस बदलून झोपायचं सोंग घ्यायचा. बायकोचं नाव आदिती. कसबा बावड्याची, बी.एस्सी. झालेली, कमी बोलणारी पोर.

त्याने मला घरात नेलंच नाही. गोठ्यात, पेंडीच्या पोत्यांमागे कोंबलं. लेबलावर लिहिलं होतं, रात्री झोपताना मधातून घ्यावे. आता हे घर जैनांचं. इथे मध चालत नाही, सूर्य मावळल्यावर कुणी काही खात नाही, आणि चातुर्मासात तर बटाट्यासारखं कंदमूळसुद्धा उंबरा ओलांडत नाही. म्हणून तो संध्याकाळी पाच वाजता, धारेच्या वेळी, दोन चमचे भुकटी दुधातून प्यायचा. मला हसूही यायचं आणि रागही. कारण दूध पिऊन झालं की हाच माणूस पोत्यावर बसून मोबाईल काढायचा.

काय बघायचा ते मी सांगायला नको. नववीत असताना मित्राने दाखवलं, तेव्हापासून रोज. कधीकधी तो स्वतःशीच पुटपुटायचा, “बघू फरक पडलाय काय.” म्हणजे ज्याने घोटाळा झाला त्याच्यावरच औषधाची परीक्षा! आणि मोबाईलपुढे त्याचं अंग ठणठणीत असायचं. मी समोर बसून बघत होतो ना. अरे बाबा, तुझ्या अंगात काही मोडलेलं नाही, तो मोबाईल खाली ठेव, असं मी जीव तोडून सांगत होतो. डब्याचं कोण ऐकतं?

एकदा आदिती धार काढता काढता म्हणाली, “मी आवडत न्हाय का तुमाला?”

“तसं काय न्हाय,” तो म्हणाला आणि उसाला पाणी सोडायला निघून गेला. ती बराच वेळ म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसली. त्या दिवशी माझं झाकण उडवून सगळी भुकटी त्याच्या डोक्यावर टाकावी असं मला वाटलं.

अनेकांतची आई अक्काताई मनाने वाईट नव्हे, पण जिभेला लगाम नाही. आठ महिने झाले, सूनबाईकडून काही बातमी नाही, म्हटल्यावर तिने दोष सुनेच्या पदरात टाकला. शेजारी बोलली, मंदिरात बोलली. शेवटी आदितीच्या वडिलांना, बापूसोंना, फोन लावला. “रविवारी या आन् पोरीला घिऊन जावा. चांगल्या डॉक्टरला दाखवा. बरी झाली की आणून सोडा.”

अशी धाडलेली सून परत आली तरी बोल घेऊनच येते, हे आदितीला कळत होतं. अनेकांतलाही कळत होतं. त्याच्या एका शब्दाने सगळं थांबलं असतं. तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. त्या आठवड्यात त्याने भुकटीचे चार चमचे केले.

मग शनिवार उजाडला. जैनांचं दसलक्षण पर्व तोंडावर आलं होतं म्हणून अक्काताईने घर झाडून काढलं आणि तसाच झाडू घेऊन गोठ्यात शिरली. पोती सरकवली आणि मी सापडलो. तिचा चष्मा घरात राहिला होता. तिने मला उन्हात धरलं, तिला घोडा दिसला. बस्स. घोडा म्हणजे जनावराचं औषध!

“बघ की, लेकानं औषध आणून ठेवलंय आन् घालायचं इसरलाय,” असं म्हणत तिने दोन मुठी भुकटी चंद्रीच्या पेंडीत कालवली. चंद्री ही चारातली तिसरी म्हैस, दोन महिने माजावर येत नव्हती. चंद्रीने पेंड हुंगली, मोठ्याने फुरफुरली आणि तरी खाल्ली.

“आदिती, ये गं! किती घालायचं लिवलंय वाच जरा.”

आदितीने मला हातात घेतलं. “दोन चमचे, दुधातून किंवा…” आणि ती थांबली. पुढे लिहिलं होतं, विवाहित पुरुषांसाठी. तिचा अंगठा त्या अक्षरांवर घट्ट रुतला.

“काय झालं? काय हाय त्यात?”

“अश्वगंधेचं मूळ,” आदिती कशीबशी म्हणाली. “मुसळीचा कंद.”

“कंदमूळ!” अक्काताई कडाडली. “ऐन चातुर्मासात! जनावराला का असंना, माझ्या दारात न्हाय चालायचं. टाक ते उकिरड्यावर!”

आदितीने मला उकिरड्यावर टाकलं नाही. पदराखाली झाकून खोलीत नेलं आणि माहेरी न्यायला भरलेल्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवलं. तिने बॅगेची चेन खसकन ओढली. दुःखाने नव्हे, संतापाने. मला हातांची पारख आहे.

रविवारी बापूसो आले. चहा झाला. अक्काताईने पाढा वाचायला सुरुवात केली. पोर नाजूक हाय, हिचंच कायतरी बघायला पायजे, आमचा पोरगा तर बघताय की कसा हाय. अनेकांत खाली मान घालून फरशीकडे बघत होता.

आदितीने बॅग उघडली आणि मला चहाच्या ट्रेमध्ये, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

“आत्ती, हा कुणाचा हाय ते ह्यांस्नी विचारा.”

अनेकांतचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यातूनच मागे गेला. अक्काताई उलट हसली. “अगं खुळे, म्हशीचं औषध हाय की ते! पावण्यांपुढं काय आणून ठेवलंस?”

खरं सांगतो, त्या क्षणाइतका मी कधीच घाबरलो नाही. सुटायची वाट आईनेच उघडून दिली होती. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. ‘व्हय, म्हशीचं’ म्हटलं असतं की आदिती बॅग उचलून गाडीत बसली असती, आणि मी पुन्हा पेंडीमागे. अनेकांतने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“म्हशीचं न्हाय, आई. माझं हाय.”

अनेकांतने मला ट्रेमधून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

“आदितीत काय दोष न्हाय. माझ्यातच हाय. शाळेत असल्यापास्नं मोबाईलवर नगं ते बघायची सवय लागलीया, ती सुटंना. तिच्याजवळ गेलो की काय हुईना. म्हणून हे खातोय. दोन महिनं खातोय, आन् काय उपेग न्हाय.”

वाहवा! माझ्याविषयी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

बापूसोंनी कप खाली ठेवला. “पावणं, हे आठ महिनं आदी बोलायला काय झालतं?”

“लाज वाटली, मामा.”

“आन् माझ्या पोरीला बोल लागत हुता, तवा?”

  अक्काताईने पदर तोंडाला लावला.

आदिती उठली. “मी जाणार हाय. पण तुमी धाडताय म्हणून न्हाय, मला वाटतंय म्हणून. आठ दिसांनी माझी मी येणार. मग दोघं मिळून डॉक्टरकडं जायचं. आन् हा डबा आता गोठ्यात जाणार न्हाय. सैपाकघरात, फळीवर ऱ्हायचा.”

आठ दिवसांनी ती आली. दोघं कोल्हापुरात डॉक्टरकडे गेले, मलाही पिशवीतून नेलं. डॉक्टरबाईंनी आधी रक्तदाब मोजला, साखर तपासली, सगळं नीट विचारलं. मग मला हलवून बघितलं. “यात काय मिसळलंय ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. आजपासून बंद.” मला अजिबात वाईट वाटलं नाही. पुढे त्या म्हणाल्या, मोबाईलपुढे अडचण येत नाही, म्हणजे अंगात फार काही बिघडलेलं दिसत नाही. सवय आहे आणि धास्ती आहे. दोन्ही जातील, पण वेळ लागेल. एका समुपदेशकाचा पत्ताही दिला. चाळीस दिवस वगैरे त्या बोलल्या नाहीत.

माझ्यातली भुकटी खड्डा काढून पुरली. अक्काताई लेबल खरवडायला बसली तर आदितीने तिचा हात धरला. राहू दे म्हणाली. मग अक्काताईने मला चुलीच्या राखेने तीन वेळा घासलं आणि माझ्यात सुंठ भरली. “सुंठ वाळल्याली असती, ती चालती,” असं कुणी विचारलं नसताना सांगितलंसुद्धा. सुनेची माफी तिने तोंडाने मागितली नाही. पण मंदिरातल्या बायकांना एक दिवस ठणकावून सांगून आली की माझ्या सुनंचं नाव घ्यायचं न्हाय.

अनेकांत दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने आपणहून आदितीला सांगितलं. पहिल्यांदा ती दोन दिवस बोलली नाही, दुसऱ्यांदा तिने विचारलं, कशानं झालं? त्यांच्या खोलीत पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. मी स्वयंपाकघरात असतो. तिथून एवढं दिसतं की सकाळी चहाला दोघं शेजारी बसतात आणि आदिती आता त्याला चिडवून हसते. आणि चंद्रीचं विचाराल तर तिला माझ्याने काडीचा फरक पडला नाही. जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हाच तिचं जमलं.

तर असा मी. घोडा अजून पोटावर आहे, सोनेरी रंग उडत चाललाय. कुणाला मी ताकद दिली नाही, देत नाही, देणार नाही. माझ्यामागे लपू नका. कुणीतरी दिलंय म्हणून घरच्या पोरीला बोल लावून माझ्यातले चमचे मोजत बसू नका. बोला. तुमची वाचा काही कुठे गेलेली नाही.

परवा जिनेंद्र आला. फळीवर मला बघून मांडी थोपटून हसला. “आला न्हवं का कामाला? मी सांगितलतं की!”

“त्यानं काय झालं न्हाय, दादा,” अनेकांत म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. मोबाईलचं, रविवारचं, डॉक्टरबाईंचं. अक्काताई शेजारीच माझ्यातली सुंठ काढून चहात टाकत होती. तिने ऐकलं आणि तशीच ढवळत राहिली.

जिनेंद्रचं हसू हळूहळू मावळलं. तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. “मला बी न्हाय पडला फरक,” तो म्हणाला. “तिसरा डबा चाललाय.”

अनेकांतने पाट सरकवून त्याच्याजवळ घेतला. जिनेंद्रने मान वर करून माझ्याकडे बघितलं. या खेपेला आधी इकडेतिकडे बघितलं नाही.

“त्या डॉक्टरबाईंचं नाव सांग,” तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला.