दुपट्यावरचा रंग

माझी धाकटी जाऊ काशी. तिचं कौतुक मी तिच्या तोंडावर कधी केलं नाही, कारण आधीच ती कुणाचं ऐकत नसे. पण छत्तीस सालच्या श्रावणात तिने जे केलं, ते आमच्या पालीकडच्या गावांत दुसऱ्या कुठल्या सुनेने केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिचा बाबू दीड वर्षाचा होता, आणि महाखादाड. परसात तांबडा माठ रुजला होता. त्याच्या भाजीचं लाल पाणी भातात कालवून काशी त्याला भरवायची आणि तो तोंड, पोट, जमीन सगळं रंगवून ठेवायचा. एका सकाळी त्याने ओटीवर, आजोबांच्या पुढ्यातच, दुपट्यात कार्यक्रम उरकला. शी लालभडक! मामंजी हबकले. घटकाभरात वाडीत झालं की पोराला रक्त पडतंय.

रक्त पडलं की तापल्या सळईने पोटावर डाग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. डाग द्यायचे महिपतकाका. माणूस वाईट नव्हता, पण एकदा सळई हातात घेतली की मागे हटायचा नाही. बाबूचा बाप, माझा दीर भागोजी, मुंबईला गिरणीत. पावसाळ्यात बोटी बंद. काशीच्या बाजूने बोलणार कोण?

"कालचा माठ हाय तो," काशी म्हणाली.

"भाजी पोटात जिरते," मामंजी खेकसले. "तिचा रंग भायेर येईल कसा?"

संध्याकाळी महिपतकाका आले. ओटीवर घमेल्यात निखारे फुलले, सळई लाल होऊ लागली. काशी बाबूला माझ्या कडेवर देऊन आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. ती घंगाळभर पाणी आणि सकाळचं ते दुपटं घेऊन आली. दुपटं वाळलं होतं, तरी डाग गुलाबीच होता. तिने ते सगळ्यांसमोर पाण्यात बुडवलं. लाली भराभरा सुटली, मागे नुसता पिवळटपणा राहिला.

"मामंजी, रक्ताचं फडकं आमी बायका दर म्हयन्याला धुतो," ती म्हणाली. "वाळलं की ते काळपटतं. असं पाण्यात सुटत नाय. रक्त वळकायला मना शिकवू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती फडकी आम्ही गोठ्यामागे लुगड्याखाली लपवून वाळवायचो, आणि ही बाई पुरुषांसमोर त्यांचं नाव घेत होती! तिच्या जागी मी असते तर पदर ओढून रडत बसले असते.

"लाज सोडलीस?" मामंजी ओरडले.

"पोराच्या पोटावर सळई ठेवण्यापरीस लाज सोडलेली बरी."

महिपतकाकांनी सळई उचलली. काशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तेवढ्यात दारातून सासूबाई बोलल्या. मामंजींसमोर त्यांचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"तिचं खरं हाय. आपल्या भागोजीला डागलंत, तवा पण आदल्या दिशी माठच रांधला होता. मना ठाऊक होतं. मी बोलले नाय."

सासूबाई ओटीवर आल्या, ते लाल पाण्याचं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं आणि निखाऱ्यांवर ओतलं.