हात बसेपर्यंत

माघातली सकाळ खाडीवर उतरते तेव्हा आधी रंग येतो, उजेड मागाहून. धूसर, दुधाळ, दवभिजल्या धुक्यातून केशराची एक फिकट रेघ पाझरते. पाण्यावरून सरकते, माडांच्या झावळ्यांना शिवते, आणि आंब्याच्या मोहोरगंधात न्हाऊन कुमुदच्या पडवीत येते. वेताच्या खुर्चीपाशी ती जरा रेंगाळते. त्या सकाळी खुर्चीत अक्का बसली होती.

अक्का म्हणजे कुमुदची थोरली बहीण. आई गेल्यावर शिवणयंत्र चालवून जिनं धाकटीला वाढवलं, ती. ताठ मानेची, तिखट जिभेची बाई. आजारानं पार वाळून गेली होती. पहाटे म्हणाली, "कुमे, मला उठवून बसव. आज काढ माझं चित्र." कुमुदनं पाठीशी उशा रचल्या, खांद्यावर शाल घातली. डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली होती, तिचा अर्थ दोघींनाही कळला होता. आज नाही, तर कधीच नाही.

आणि कागद? अहो, कागद तर केव्हाचा घरात होता! अक्कानंच तो मुंबईहून आणला होता, कुमुद नुकती जलरंगांना लागली तेव्हा. शुभ्र, सुती, जाडजूड, हिमधवल कागदाचा छोटा गठ्ठा. एसटीत मांडीवर उभा धरून आणला. कुणाचा कोपर लागू दिला नाही. "यावर पहिलं मला काढायचं हं," असं बजावलंही. पण कुमुदचं आकाश तेव्हा डागाळायचं, सावल्यांचा चिखल व्हायचा. ती म्हणाली, "हात बसू दे, अक्का. मग काढते."

हात बसू दे! किती शहाणा शब्द, आणि किती घातकी.

मग बाजारातल्या पातळ कागदांवर तिनं हात घोटला. तांब्या काढला, केळफूल काढलं, जास्वंद काढली, ओहोटीत कलंडलेल्या होड्या काढल्या. फळी किती तिरकी धरावी, भरल्या कुंचल्यानं रंगाचं पाणी कागदावरून कसं ओढत न्यावं, ओल्यात ओलं कधी सोडावं, हे सारं ती शिकली. आणि सगळ्यांत अवघड ते शिकली: जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. जिथं उजेड हवा, तिथं कागद कोरा सोडायचा. मोह आवरायचा.

राखायला ती फारच शिकली, बाई! तो सुती कागद अक्काच्या जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. मधूनच काढायची, तळव्यानं कुरवाळायची, पुन्हा गुंडाळायची. अक्का विचारायची, "आता?" ही म्हणायची, "थोडं थांब." पावसाळे आले, पावसाळे गेले, खाडीवरचा खारा, दमट, चोरपावली वारा ट्रंकेच्या फटीतून आत शिरत राहिला. अक्काचे काळे केस करडे झाले, करड्याचे पांढरे झाले. थोडं थांब, थोडं थांब.

त्या सकाळी कुमुदनं फळीवर त्यातला एक कागद चढवला. पेन्सिल टेकली, आणि काय सांगावं, अशी रेघ तिच्या हातून कधी उतरली नव्हती! ते धारदार नाक, तो हट्टी ओठ, गळ्याचा तो शिणलेला, शिरांनी विणलेला उतार. केसांची जागा तिनं कोरी राखली. वाटीत पिवळ्या मातीचा रंग कालवला, त्यात तांबूस थेंब सोडला, कुंचला भरला. तिनं अक्काच्या कपाळावर पहिला हात ओढला.

कागद तो गटकन प्याला.

चांगल्या कागदाच्या अंगात सरस असतो, खळीसारखा चिकट. तो पाणी क्षणभर वरच्यावर झेलतो, म्हणून रंग हलतो, खेळतो, उजळतो. कोकणच्या ओलाव्यानं तो सरस केव्हाच कुजला होता, वरून कागद तसाच देखणा होता. रंग टिपकागदावर शाई बसावी तसा आत बसला. कपाळावर डाग उठले, गालावर काळपट चट्टे पसरले. कुमुदनं दुसरा कागद ओढला, कोपऱ्यावर नुसतं पाणी सोडलं. तेही बुडालं. तिसरा. चौथा. सगळे मेलेले.

ती धावत आत गेली, एखाद्या कोऱ्या कागदासाठी सरावाचे गठ्ठे उपसले. पाठपोट भरलेले कागद. तांब्या होता, केळफूल होतं, होड्याच होड्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात अक्का कुठंच नव्हती.

"झालं का गं?" पडवीतून आवाज आला.

"थोडं थांब, अक्का," कुमुद सवयीनं बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

अक्का हसली. "थांबलेच की आजवर. दाखव."

दाखवावं लागलं. अक्कानं डोळे बारीक केले. त्या डागाळलेल्या, विटलेल्या, आपल्याच चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केस छान झालेत हो, कुमे."

तिथं कुमुदनं काहीच लावलं नव्हतं.

तिला हुंदका आवरेना. अक्काची मान थकून कलली होती. कुमुदनं तिला उचलून आत नेऊन निजवलं. दुपारी बाजारात जाऊन मिळाला तो कागद घेऊन आली. "उद्या सकाळी, अक्का," म्हणाली. अक्कानं मान हलवली.

सकाळ झाली. धुकं विरलं, केशराची रेघ पाण्यावरून सरकली, झावळ्यांना शिवली, पडवीत आली. आतल्या खोलीत बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, कुणीतरी अक्काच्या ओठांवर ठेवायला तुळशीचं पान आणायला गेलं होतं. कुमुद फळी घेऊन खुर्चीसमोर जाऊन बसली. उशांना अजून पाठीचा खळगा होता, आणि त्या खळग्यात उजेड येऊन बसला होता.

तिनं कुंचला उचलला. बोटं जराही थरथरली नाहीत. हात बसला होता.