खडवलीच्या वरच्या दोन खोल्या

जगन भालेराव कल्याण पूर्वेत बावीस वर्षं लोकांना घरं भाड्यानं मिळवून देत होता. तेवढ्या काळात नाना तऱ्हेच्या पार्ट्या त्यानं पाहिल्या. कुणाला पूर्वेचा दरवाजा हवा, कुणाला खाली डॉक्टर हवा, कुणाला शेजारी आपलीच माणसं हवीत, आणि ‘आपली’ म्हणजे कुठली ते न सांगता जगनला कळावं अशी अपेक्षा. पण घर राहिलं बाजूला नि घराबाहेरचंच बघत सुटलेली पार्टी त्याला पहिल्यांदाच भेटली.

सलिल, त्याची बायको वल्लरी आणि नऊ वर्षांची अंतरा. राहायला बंगळुरूला. वल्लरीची बदली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत झालेली, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी काम घरून. सलिलचं तर सगळंच घरून. तिघांच्याही पायाला भिंगरी. शनिवार-रविवार डोंगर नाहीतर नदी, नाहीच जमलं तर निदान पाच-सहा किलोमीटर चालणं. भर जानेवारीत ती मंडळी ठाण्यात नातेवाइकांकडे उतरली आणि दर रविवारी घरं बघायला लागली.

“भालेराव, आमची एक पद्धत आहे,” सलिल पहिल्याच दिवशी म्हणाला. “आधी गेटपासून चालत निघायचं. झाडं, डोंगर, पाणी, जे काय असेल तिथपर्यंत. ते पटलं तर घर.”

“चला की,” जगन म्हणाला. आता त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की ही माणसं ‘चला’ म्हटलं की खरंच चालतात.

ठाण्यातले ओळखीचे एजंट धरून तो त्यांना कोलशेतला घेऊन गेला. तेविसावा मजला. हॉलच्या खिडकीतून खाडी अशी दिसत होती की जगनलाही घटकाभर उभं राहावंसं वाटलं. पण मंडळी लगेच खाली उतरली, खाडीवर चालत जायला. आधी सोसायटीची भिंत, भिंतीपलीकडे डंपरचा रस्ता, रस्त्यापलीकडे पत्र्याचं कुंपण, कुंपणाच्या आत झुडपं नि चिखल. पाऊण तास धूळ खाऊन सगळे होते तिथेच परत आले.

“बाबा, ही खाडी फक्त वरून बघायची असते का?” अंतरानं विचारलं. सलिलनं वहीत फुली मारली.

पुढच्या रविवारी घोडबंदर रोड. स्वयंपाकघरातून डोंगर हाताला लागेल असा, पण मध्ये हायवे. पूल चढा, पूल उतरा, अठरा मिनिटं घड्याळ लावून मोजली नि पायथ्याला बघतात तर कुणीतरी तारा ओढलेल्या. फुली. मग डोंबिवली. पहिल्या मजल्यावरचा बरा फ्लॅट, समोर बाग. बागेच्या दारावर पाटी, की पळू नये, चेंडू खेळू नये, गवतावर बसू नये. अंतरानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, “मग इथे करायचं काय?”

“म्हातारं व्हायचं,” जगन म्हणाला. तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे ठणकत होते, म्हणून तोंडातून निसटलं. वल्लरी हसत सुटली. त्या फ्लॅटवर फुली नाही, प्रश्नचिन्ह पडलं.

पाच रविवार, अकरा घरं. दुसरी पार्टी असती तर जगननं हात जोडले असते. पण या माणसांचा राग येत नव्हता, हीच पंचाईत. पाणी प्यायला थांबली की आधी त्याच्यापुढे बाटली धरत. शिवाय जगन दमला होता तो काही त्यांच्यामुळे नव्हे.

त्याची आई, शांताबाई, एक्क्याऐंशी वर्षांची, कल्याणच्या चार स्टेशनं पुढे खडवलीला एकटी राहत होती. वडील रेल्वेत गँगमन होते, नोकरीत असतानाच त्यांनी तिथे घर बांधलं. पुढे जगननं मुलासाठी वर दोन खोल्या चढवल्या. मुलगा सिद्धेश नोकरीला हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. खोल्या रिकाम्या राहिल्या. गेल्या जुलैत शांताबाई मोरीत घसरून पडली, ती चार तास तशीच. दूधवाल्यानं हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही हे नशीब. जगन तिला कल्याणला घेऊन आला. दीड महिना ती खिडकीच्या ग्रिलला तोंड लावून बसली, आणि एका सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली. म्हणाली, “सोडतोस की मी जाऊ?”

तेव्हापासून दिवसाआड खडवली. बायकोनं, शकूनं, बांधून दिलेला डबा घ्यायचा, गोळ्या घ्यायच्या, जायचं, दोन तास बसायचं, परत यायचं. मधल्या दिवशी साइट दाखवायच्या, आणि आईच्या वरच्या खोल्यांना कुणी भाडेकरू मिळतो का तेही बघायचं. सहा महिने असे गेले. आताशा घरी आला की तो चप्पल न काढताच खुर्चीत बसून राही. शकू म्हणायची, “त्या पडायच्या आधी तुम्ही पडाल, लिहून ठेवा.” ती खोटं बोलत नव्हती.

आणि अकराव्या घरावर फुली पडली तेव्हा जगनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नदी, झाडं, मोकळं रान, आणि आठवड्यातून दोनच दिवस ठाणं. हीच माणसं आईच्या वरच्या खोल्यांत राहिली तर? चोवीस तास घरात कुणीतरी असेल. आई पडली तर आवाज जाईल. लहान पोर असेल, तिचा जीव रमेल. आणि आपण आठवड्यातून एकदा, नाहीतर पंधरा दिवसांनी गेलो तरी चालेल. नुसत्या कल्पनेनंच त्याला झोप यायला लागली.

“एक जागा आहे,” तो म्हणाला. “माझी स्वतःची. पण लांब आहे.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तो त्यांना खडवलीला घेऊन आला. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून तिघं अशी चालत होती की जगनला मागून हाका माराव्या लागल्या. नदीवर पोचल्यावर अंतरानं बूट काढले, कुणाला न विचारता. वल्लरी एका दगडावर बसली ती वीस मिनिटं उठलीच नाही. सलिलनं वही काढलीसुद्धा नाही.

“पावसात पाणी कुठपर्यंत येतं?” त्यानं विचारलं.

बावीस वर्षांत या प्रश्नाला जगननं किती पार्ट्यांना काय काय उत्तरं दिली होती, ते त्याचं त्याला माहीत. पण आज खोटं बोलायची गरजच नव्हती. “तो उंबर दिसतो ना, तिथपर्यंत. घर त्याच्या बरंच वर, चढावर आहे. माझ्या जन्मात तरी पाणी ओट्याला लागलेलं नाही.”

“ठीक आहे,” सलिल हसून म्हणाला. “राग मानू नका, पण आम्ही कुठेही गेलो तरी पाणी, वाट आणि साप, या तीन गोष्टी गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारतो. आजवर कधी फसलो नाही.”

“मग माझ्या आईलाच विचारा की,” जगन म्हणाला. त्याच्या मनावरचा उरलासुरला भारही उतरला.

शांताबाईनं चहा टाकला. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मागे दोन पार्ट्या इथपर्यंत आल्या होत्या, त्या भिंतीकडे पाहिल्यावर त्यांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं, आणि चहा कपातच निवला. जगनला ते पाठ झालं होतं, म्हणून तो कपांकडे बघत उभा राहिला. सलिलनं चहा संपवला नि आणखी आहे का म्हणून विचारलं. वल्लरी आत जाऊन शांताबाईबरोबर शेंगा सोलत बसली. अंतरानं तोवर मांजरीला नावही ठेवलं होतं. मग तिघं वरच्या खोल्या बघून आली, आणि जिन्यातूनच वल्लरीचा आवाज आला, “सलिल, बास झालं शोधणं. दमले मी आता. इथेच राहू या.”

जगननं डोळे मिटून घेतले. जमलं, त्याच्या मनात आलं. जमलं एकदाचं.

“आजी,” सलिल ओट्यावर बसत म्हणाला, “तुम्ही इथे किती वर्षं आहात?”

“चाळीसच्या वर झाली.”

“मग तुम्हीच सांगा, पावसात घरापर्यंत पाणी येतं का?”

शांताबाईनं जगनकडे पाहिलं. मग शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. “येतं तर,” ती म्हणाली. “दरसाल येतं. ह्या कोनाड्यापर्यंत. मागच्या साली चार कोंबड्या गेल्या वाहून.”

जगनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आई, काय बोलतेस तू?”

“आणि साप. पाणी चढलं की ते जिन्यानं वर जातात. वरच्या खोलीतच निघतात.” ती सलिलकडे वळली. “हा नाहीच म्हणणार. यजंट आहे ना तो, बाबा. त्याचं पोट त्याच्यावर आहे. तुम्ही लेकरू घेऊन राहणार, म्हणून सांगितलं.”

“अहो, काहीतरीच काय, कोंबड्या कधी पाळल्याच नाहीत तिनं,” जगन म्हणाला. “कुणालाही विचारा. शेजारी विचारा.” जितकं बोलावं तितकं ते खोटं वाटत होतं, हे त्याला बोलता बोलताच कळत होतं. एका बाजूला एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी, दुसऱ्या बाजूला एजंट. देवाच्या दारातसुद्धा एजंट हरला असता.

सलिल ओट्यावरून उठला. वल्लरीनं निघताना शांताबाईचे दोन्ही हात धरले, “आजी, तुम्ही खरं सांगितलंत, फार उपकार झाले,” म्हणाली. अंतरा मांजर सोडायला तयार नव्हती. फाटकाशी आल्यावर वल्लरी थांबली. इतक्या रविवारांत जगननं तिला चिडलेली पाहिली नव्हती.

“आम्हाला फसवत होतात, ते जाऊ द्या. धंदा असतो. पण एवढ्या पाण्यात, सापांत तुम्ही स्वतःच्या आईला एकटं ठेवता?”

जगन आता काय सांगणार? आई खोटं बोलते म्हणून सांगणार?

“आम्ही डोंबिवलीचा तो पहिला मजला घेतो,” सलिल हळूच म्हणाला. “उद्या फोन करतो.” आणि तिघं रस्त्यानं चालायला लागली. या वेळी अंतरा मागे राहत होती, वळून वळून बघत होती.

जगन घरात आला. शांताबाई मोरीपाशी बसून कप विसळत होती, भिंतीला एक हात टेकवून. त्याला इतका राग आला होता की आवाज चढतच नव्हता.

“का केलंस हे?”

ती कप विसळत राहिली.

“सहा महिने झाले, आई. सहा महिने मी शोधत होतो. चांगली माणसं होती. तुझ्या हातचा चहा दोनदा घेतला त्यांनी. का केलंस?”

“चांगली होती ना,” शांताबाई म्हणाली. “वाईट असती तर काय, चार महिन्यांत मीच हाकलली असती. ही राहिली असती. मला बघितलं असतं, औषध दिलं असतं, रोज तुला फोन केला असता, आजी बरी आहे म्हणून.”

“मग? तेच तर पाहिजे होतं.”

“तुला पाहिजे होतं.” तिनं शेवटचा कप पालथा घातला. “ती पोरगी माझ्याजवळ असती, मला गोडही वाटलं असतं. पण जगन, मग तू कशाला आला असतास?”

‘आलो असतो की,’ हे त्याच्या ओठावर आलं होतं. दिवसभरात असल्या किती गोष्टी तो लोकांना बिनदिक्कत सांगून टाकायचा. तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला. गुडघे कुरकुरले.

“नसतो आलो,” तो म्हणाला. “खरं सांगतो, नसतो आलो इतका. दमलोय गं मी.”

शांताबाईनं ओला हात पदराला पुसला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“दिसतंय मला. दमूनच येतोस,” ती म्हणाली. “पण येतोस.”