उंदरांनंतर माझा नंबर

"पेटी घ्या, चाळण घ्या. उंदराचा पिंजरा करणं मी सोडलंय," आमच्या ह्यांनी सांगितलं, आणि गिऱ्हाईक तोंड वासून बघतच राहिलं.

कमरीपेठेत जन्मभर पत्रा ठोकून ह्यांचे दोन्ही कान गेले. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात पडून. का? तर आमची नात आरुषी धारवाडला कानावर संशोधन करते. तिने एकदा पाटीवर चित्र काढून समजावलं, की कानाच्या आत बारीक तुरे असलेल्या पेशी असतात, त्यांच्यामुळे ऐकू येतं. त्या घडवणारा जीन आपण आईच्या पोटात असताना काम करतो, मग झोपतो तो कायमचाच. कोंबडीच्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, आपल्या नाही. तो जीन उंदरांत पुन्हा जागा होतो का, ते ती बघतेय.

झालं! "उंदरांनंतर माझाच नंबर," म्हणून हे बसले थांबून. रोज मला फोन लावायला सांगायचे, "विचार की, उंदराला ऐकू आलं काय?" आणि ज्यांच्यावर आपली सगळी भिस्त, त्यांना पकडायचं कसं, म्हणून पिंजरे बंद. घरातल्या उंदरांनी माझं ज्वारीचं पोतं फाडलं. मी शिव्यांची लाखोली वाहिली, तर हे म्हणतात, "ओठ हलतायत तुझे. काय म्हणालीस?" अहो, भांडायलाही दोन माणसं लागतात! एकटीनंच बोलून बोलून मला रडू यायला लागलं होतं.

रविवारी आरुषी आली. मी म्हटलं, "बाई गं, खरं काय ते सांगून टाक ह्यांना."

तिने पाटीवर लिहिलं, 'अज्जा, पिल्लांत थोडं जमलंय. म्हाताऱ्या उंदरांत नाही. तुमच्या वेळेला होईल असं वाटत नाही.'

ह्यांनी वाचलं. परत वाचलं. "म्हातारा उंदीर पण माझ्यासारखाच म्हण की," एवढंच बोलले. मग स्वतःच उठून मशीन काढलं. आरुषीने ते कानात बसवलं.

शेजारी कुणी तरी पत्रा ठोकत होतं. हे दचकले. "अगं आई गं! एवढा गलाटा करत होतो मी?"

"तर!" मी म्हटलं.

हे माझ्याकडं वळून बसले. "हं, इंदू. बोल आता, काय बोलायचंय ते."

किती साठवून ठेवलं होतं मी! एक आठवेल तर शपथ. मी आपलं विचारलं, "जेवलात काय?"

"तूच वाढलंस की मघाशी."

वाढलं होतं, ठाऊक आहे मला. पण मी हळूच विचारलं होतं, आणि उत्तर आलं.