चाल माय, घरी जाऊ

"पायाले धरून मी नाई ओढत जी," इस्तारी म्हणाला.

तलावावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कॅमेरा, पांढऱ्या छत्र्या, चहाचा थर्मास, वीस-बावीस माणसं. त्यांच्या मधोमध धोतर खोचून उघड्या अंगाने साठीचा इस्तारी उभा होता. समोर कानटोपी घातलेला आयुष, सिनेमाचा दिग्दर्शक.

"काका, आधी पाय दिसणार, मग पाण्यात पसरलेले केस," आयुष समजावत होता. "ही तिसरी बाई आहे. खुनी प्रत्येकीला तलावात सोडतो. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

"काटा आणाले तिले फरफटत काऊन न्यायचं? मेली म्हणून का झालं?"

आयुषने देवरावकडे पाहिलं. मूल गावच्या पोलीस ठाण्यातला हा हवालदारच इस्तारीला घेऊन आला होता. सिनेमावाल्यांना तलावातून प्रेत काढणारा माणूस हवा होता, आणि आसपासच्या तीस गावांत तो एकच होता.

इस्तारी जातीने ढिवर, धंद्याने मासेमार. सव्विसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा बुडून मेलेली एक बाई तलावातून बाहेर काढली. पाळीवर पन्नास माणसं उभी होती, पण पाण्यात उतरायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तो उतरला. तेव्हापासून कुठेही कोणी बुडालं की पोलिसांची गाडी त्याच्या दारात यायची. तो हातातलं जाळं ठेवून निघायचा. किती जणांना काढलं, हे त्याने मोजलं नव्हतं. गाव मात्र हिशेब ठेवायचं. त्याने प्रेत काढलं की आठ दिवस त्याच्या बायकोकडून, ताराबाईकडून, मूलच्या बाजारात कोणी मासोळी घ्यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मुलगी आचल चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, बाबांचा मासोळीचा धंदा आहे. तेही खोटं नव्हतं. इस्तारीला हे ठाऊक होतं आणि त्याने तिला कधी टोकलं नव्हतं.

"मंग तुम्ही कसं काढता?" सरिताने विचारलं. ती आयुषची सहायक, इकडचीच, भद्रावतीची. तिची बोली ऐकून इस्तारी जरा सैल झाला.

"आधी तोंड झाकतो. माह्या दुपट्ट्यानं. पाळीवरचे लोक फोटो काढतेत ना. मंग मानेखाली एक हात, गुडघ्याखाली एक. लेकरू उचलतो तसं."

"पण चेहराच झाकला तर कॅमेऱ्याला काय दिसणार?" आयुष म्हणाला.

"तुमाले जे पाहाचं ते आधीच पाहून घ्या. मी पोहोचल्यावर झाकीन."

ब्लँकेट गुंडाळून खुर्चीवर बसलेली मुलगी तेवढ्यात बोलली. रीना तिचं नाव, नागपूरच्या नाटकांतून आलेली. प्रेत तिलाच व्हायचं होतं. "दादा, एकदा त्यांच्या पद्धतीने करून बघू या. मी पडले असते तर मला ते आवडलं असतं."

आयुषने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. एकदा."

रीनाला पोहता येत नव्हतं. तिच्यासाठी पाण्याखाली बाज ठेवली होती, विटा बांधून वीतभर बुडवलेली. बाजेवर पाठ टेकवून पडलं की वरून बाई तरंगतेय असं वाटायचं. आदल्या दिवशी इस्तारीने जागा दाखवली होती, कंबरभर पाण्यात. "इच्या पुढं नोका ठेवू," त्याने बजावलं होतं. "पुढं मुरमाचा खड्डा आहे. दोन पुरुस खोल." पण सकाळी कॅमेरावाल्याला कमळाची पानं चित्रात हवी होती, म्हणून कोणीतरी बाज दहा हात पुढे सरकवली. इस्तारीला सांगायचं राहून गेलं. धुक्यात त्यालाही अंतर कळलं नाही.

रीनाला डोंग्यातून नेऊन बाजेवर निजवलं. डोंगा मागे आला. सगळे गप्प झाले. पाळीवर गुप्तहेराचं काम करणारा नट कोटाची कॉलर वर करून उभा राहिला. इस्तारी पाण्यात उतरला. डिसेंबरचं पाणी चाकूसारखं लागत होतं. कंबर बुडाली, छाती बुडाली, आणि पायाखालचा गाळ एकदम मऊ लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही आपण दाखवलेली जागा नाही.

समोर बाज एका अंगाला कलली. रीना आवाज न करता पाण्याखाली गेली. लाल साडीचा पदर तेवढा क्षणभर वर राहिला.

पाळीवर कोणी हललं नाही. आयुषच्या समोरच्या पडद्यावर ते दृश्य फार सुंदर दिसत होतं. धुकं, कमळं, बुडत जाणारा लाल रंग. त्याला वाटलं, मुलगी कमाल करतेय.

इस्तारीने बुडबुडे पाहिले. एकामागोमाग एक, भराभर. मेलेलं माणूस बुडबुडे सोडत नाही.

त्याने बुडी मारली. खाली काळोख होता. कमळाचे देठ साडीत अडकले होते. त्याने हातांनी चाचपत देठ तोडले, मानेखाली हात घातला, आणि त्याच क्षणी दोन हातांनी त्याचा गळा आवळला. तो दचकला. तेहतीस वर्षांत पाण्यात त्याला कोणी धरलं नव्हतं. नखं मानेत रुतली, त्याचाही श्वास तुटला, पण त्याने ते हात सोडवले नाहीत. तिच्यासकट पाय मारत तो वर आला. डोकं पाण्याबाहेर येताच सवयीने तोंडातून शब्द निघाले.

"चाल माय, घरी जाऊ. चाल."

मग पाळीवर धावपळ झाली. देवराव बुटांसकट पाण्यात आला. रीनाने पाणी ओकलं, ती खोकली, रडली. सरिताने तिला दोन ब्लँकेटांत गुंडाळून छातीशी धरलं. आयुष कानटोपी हातात घेऊन नुसता उभा होता.

इस्तारी दूर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला.  देवरावने आणलेला चहा त्याच्या हातून निम्मा सांडला.

"काय झालं भाऊ? तुमाले तर सवय आहे."

"हिनं मले धरलं, देवराव," इस्तारी म्हणाला.  त्याने दुपट्ट्यात तोंड लपवलं आणि खांदे हलू लागले. देवराव त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, कोणी इकडे येऊ नये म्हणून.

तासाभराने रीना स्वतः चालत आली. ओठ अजून निळे होते. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काका, तुम्ही मला काहीतरी म्हणालात. घरी जाऊ, असं."

"म्हणतो मी. सगळ्याईले म्हणतो." तो ओशाळला. मग त्याने हळूच विचारलं, "ऐकू येते?"

"मला आलं."



आयुष दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी आला. चूक माझी होती, म्हणाला. ते दृश्य सिनेमातून काढून टाकतो, असंही म्हणाला. पण रीनाने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्तारीने दाखवलेल्या जागी, कंबरभर पाण्यात, तिने ते पुन्हा केलं. डोंग्यातून तिला इस्तारीनेच नेलं. कसं करायचं ते या वेळी त्याला कोणी सांगितलं नाही.

सिनेमा पुढच्या सप्टेंबरात लागला. चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये आचलने चार तिकिटं काढली. आई-बाबा, ती, आणि तिच्या खोलीत राहणारी आफ्रीन. सिनेमा काळाकुट्ट होता. भातगिरणीतल्या कोंड्याच्या ढिगांमधून पाठलाग झाला तेव्हा पोरांनी शिट्या मारल्या. गुप्तहेराने टेबलावर एकेका बाईच्या बांगड्या मांडल्या तेव्हा ताराबाईने डोळ्यांवर पदर घेतला.

मग तलाव आला. चेहरा न दिसणारा एक म्हातारा धुक्यातून पाण्यात उतरला. त्याने दुपट्टा काढून बाईचं तोंड झाकलं, लेकराला उचलावं तसं तिला उचललं, आणि म्हणाला, चाल माय, घरी जाऊ. वाजणारं संगीत आयुषने तिथे काढून टाकलं होतं. नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक ऐकू येत होतं. टॉकीजमध्ये कोणी शिटी मारली नाही. मागच्या रांगेतला एकजण वेफर्सचं पाकीट चुरचुरवत होता, तोही थांबला.

तेहतीस वर्षांत ताराबाई एकदाही पाळीवर गेली नव्हती. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "तुमी असं करता?"

"हाव."

 तिने त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"कोण आहेत ग हे?" आफ्रीनने अंधारात विचारलं. "खरंच कोणीतरी गावातले वाटतात."

"हे माझे बाबा," आचल म्हणाली. "ते हेच काम करतात."

त्यानंतर सगळं बदललं असं नाही. पंगतीत कोणी शेजारी बसे, कोणी अजूनही उठून जाई. मूलच्या बाजारात मात्र बायका ताराबाईला त्या दृश्याबद्दल विचारू लागल्या, आणि विचारता विचारता मासोळी घेऊ लागल्या.

मार्चमध्ये रीनाचा फोन आला. तिला आता काम मिळू लागलं होतं. "काका, मला पोहायला शिकवाल? मी दुसऱ्या कोणाबरोबर पाण्यात उतरू शकत नाही. दोनदा प्रयत्न केला, नाही जमलं."

"मले शिकवता नाई येत जी. मी तर फक्त काढतो."

"मग तेच शिकवा."

ती एप्रिलमध्ये आली आणि त्यांच्याच घरी राहिली. पहिल्या दिवशी नटीला पाहायला गावातल्या पोरी पाळीवर गोळा झाल्या. नटी पाण्यात ओरडतेय, नाकातोंडात पाणी जातंय, हे पाहून त्या खूप हसल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची सोमारी तरंगायला म्हणून पाठीला रिकामा डबा बांधून आली. "मीही उतरते काकाजी." तिसऱ्या दिवशी सात जणी होत्या. सुट्टीवर आलेली आचल काठावर बसून कोणाला धाप लागते ते पाहत होती. कोणाकोणाच्या आया पदर खोचून उभ्या असायच्या, पोरींना अडवायला आलेल्या. पण कोणी अडवलं नाही.

रीना दहाव्या दिवशी तरंगू लागली आणि बाराव्या दिवशी नागपूरला गेली. पोरी यायच्या थांबल्या नाहीत.

मेच्या एका सकाळी सोमारीने डबा सोडून दिला. इस्तारी छातीभर पाण्यात उभा होता. ती उताणी निजली, डोळे गच्च मिटून. त्याचा तळहात तिच्या पाठीखाली होता.

"सोडू नका काकाजी."

"नाई सोडत."

थोड्या वेळाने त्याने तळहात बोटभर खाली घेतला. मग आणखी बोटभर. सोमारी पाण्यावर तशीच राहिली, पोटावर ऊन घेत. हात खालीच ठेवून इस्तारी तिच्या नाकपुड्यांकडे पाहत उभा राहिला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता.