लेकीच्या वतीनं

“अप्पा, थांबा!” जगदेवी आतून ओरडली, पण तोवर सिद्रामप्पांनी अर्धी कळशी पायांवर ओतली होती आणि उरलेल्या पाण्यानं तोंड खळखळून धुवायला घेतलं होतं. लातूरहून सायकल मारत आलेल्या माणसाला दारात भरली कळशी दिसली, तर तो दुसरं काय करणार? पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी, ही त्यांच्या घरची रीत. लेकीनं रीत सोडली नाही म्हणून ते मनातून सुखावलेही होते.

सोबत आलेली कॉलेजची पोरं मात्र एकमेकांकडे बघत राहिली. त्यांना वस्तीच्या तोंडाशीच सांगितलं होतं, इथं पाय झटकायचे, धुवायचे नाहीत. सिद्रामप्पा तेव्हा मागं राहिले होते. नायगाव सोडल्यापासून ते मागंच राहत होते. पन्नाशी उलटल्यावर हौसेला पाय पुरत नाहीत.

आणि ही हौस तरी कुठं होती! लातूर जिल्हा झाला, सिद्रामप्पा नव्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून झाले आणि त्याच वर्षी जगदेवीनं जातीबाहेर लग्न केलं. अवधूत नांदेडच्या मास्तरांचा मुलगा. चांगली नोकरी लाथाडून तो नायगावपुढच्या माळावर स्वावलंबी वस्ती काढून बसला होता. “परत या दारात येऊ नको,” असं सिद्रामप्पा बोलून गेले. राग पुढं विरला, पण बोललेलं गिळायचं कसं, हे काही त्यांना कचेरीनं शिकवलं नव्हतं. यंदा मात्र दुष्काळानं कहर केला. टँकर मागायला गावंच्या गावं कचेरीत येऊन बसायची आणि सिद्रामप्पांना माळावरची लेक आठवायची. शेजारचा भीमाशंकर मित्रांना घेऊन अशा वस्त्या बघायला सायकलींवर निघाला, तसं त्यांनी निमित्त साधलं. “मीबी येतो रे, म्हातारा म्हनून मागं ठिवू नका,” म्हणाले. खरं काय ते फक्त बायकोला सांगितलं. “गुरम्मा, पोरीला घिऊनच येतो. नायगावहून यष्टीनं आणतो तिला.”

आता ते आत जाऊन बसले. घर अगदी रिकामं होतं. साधं राहणं म्हणतात ते हेच असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी गळ्यातलं लिंग सोडलं, डाव्या तळहातावर घेतलं.

“पूजेला पाणी दे, बाई.”

जगदेवी खाली बघत राहिली. “संपलं, अप्पा.”

“संपलं म्हंजे?”

“कळशीत होतं तेच. तुमी येनार म्हनून भीमाशंकरनं लिवलं होतं. लिंगाला पानी घातल्याबिगर तुमी जेवत न्हाईत, म्हनून माझ्या वाटचं राखून ठिवलं होतं.”

सिद्रामप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं तहान मारून साठवलेलं पाणी त्यांनी स्वतःच्या टाचांवर ओतलं होतं! शेजारी मागावं तर तिथंही तीच गत. जगदेवीनं मात्र एक शब्द वावगा काढला नाही. तिनं कोनाड्यातली विभूती आणि बेलाचं सुकलेलं पान त्यांच्यापुढं ठेवलं.

“नुसत्या विभूतीनं करा. मीबी तशीच करून राहिले.”

“तू अजून लिंगपूजा करतीस?”

“सोडली कवा होती?”

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोरडी पूजा केली. लेक आपल्याला तुटली, धर्माला तुटली, असं ते चारचौघांत बोलत आले होते. आणि ही पोर या उघड्या माळावर सगळं सांभाळून बसली होती. डोळे भरून आले, ते त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसले.

संध्याकाळी निंबाखाली सगळे जमले. अवधूतनं पोरांना बांध दाखवला, गोबरगॅस दाखवला. भीमाशंकरनं विचारलं, “पण पाणीच नसलं तर वस्ती टिकंल का? अर्धी घरं तर बंद दिसून राहिली.” तेव्हा सिद्रामप्पा उठले.

“म्या हितं लेकीला न्यायला आलो होतो. खोटं कशाला बोलू? पण आज बघितलं न् माझीच मला लाज वाटली. आता नेनार न्हाई. माझी जगदेवी ही वस्ती सोडून हलनार न्हाई. तिच्या वतीनं ह्या बापाचा शब्द हाय!”

पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. अवधूतनं वाकून नमस्कार केला, “मामा, लई धीर दिलात.” जगदेवी चुलीपाशी मान खाली घालून उभी होती. लाजली, असं सिद्रामप्पांना वाटलं. तीन वर्षांचं ओझं उतरल्यासारखे ते गाढ झोपले.

सकाळी निघाले. वस्तीबाहेर जगदेवीची शेजारीण केवळाबाई शेण गोळा करत होती. तिनं त्यांची सायकलच धरली.

“अवो, लेकीला न नेता चाललाव व्हय?”

“काल ऐकलं न्हाई का, काय बोललो ते?”

“ऐकलं की. समद्यांनी ऐकलं. पर तुमचं नाव पत्रात आल्यापून ती पेटी बांधून बसली हुती! अप्पा न्यायला येनार, पाऊस पडूपत्तूर म्हायेरी ऱ्हाते, म्हनली. मालकबी जा म्हनले हुते.”

“मग बोलली का न्हाई मला?”

“येऊ नको म्हनलेल्या बापाला लेक कसं म्हनंल, मला न्या म्हनून? बलावनं बापानं करायचं असतंय.”

सिद्रामप्पांनी सायकल वळवली. भीमाशंकर मागून हाका मारत होता, त्यांना ऐकूच आल्या नाहीत.

जगदेवी घरात उघड्या पेटीपुढं बसून लुगडी दोरीवर टाकत होती. कालचं रिकामं घर आता भरत होतं.

“चल बाई. मी चुकलो. तुझी आई वाट बघून राहिली.”

हातातलं लुगडं तिनं छातीशी धरलं आणि मग तेही नीट दोरीवर टाकलं.

“काल म्हनला असता, तर पळत आले असते, अप्पा.”

“आज म्हनतो की. सगळ्यांपुढं माफी मागतो.”

“पल्याडच्या घरातल्या संगप्पाची गाडी भरलेली होती. आज सकाळी ती मानसं जानार होती. तुमी बोलला न् त्यांनी रातीच गाडी रिकामी केली. सिद्रामप्पाची लेक ऱ्हाती, तर आपुन का जावं, म्हनले.” ती थांबली. “आता मी कंच्या तोंडानं निघू?”

‘आईला सांगा, मी बरी हाय,’ एवढंच ती म्हणाली, आणि त्यांनी मान हलवली.

ते सायकल हातात धरून चालत निघाले. वाटेवरच्या छपरावर चढून संगप्पा उतरवलेले पत्रे पुन्हा ठोकत होता. त्याची बायको खालून खिळे देत होती. सिद्रामप्पांना बघून त्यानं हातोडी बाजूला ठेवली आणि वरूनच दोन्ही हात जोडले.

“शरणु अप्पा! तुमच्या शब्दावर थांबलो बगा.”

सिद्रामप्पांना शरणु म्हणायचं होतं, पण दोन्ही हात हँडलवर होते आणि ते काही केल्या सुटेनात.